पायलीत आठ मापटी

"चेअरमनसाहेब, पाऊण तासात कोल्हापूर!" असं कृष्णातनं सकाळी अकराला सगळ्या संचालकांसमोर सांगून टाकलं, आणि घोळ तिथंच सुरू झाला.

पेठ वडगावच्या त्या दूध संघाचा रौप्यमहोत्सवी अहवाल छापायचा होता. सभा दुसऱ्या दिवशी सकाळी. अहवालात गावोगावच्या नंबर काढलेल्या म्हशींचे रंगीत फोटो होते. संचालकांचे फोटो राहिले असते तर चाललं असतं. म्हशींचे राहिले तर सभा उधळली असती. सगळं मिळून एकशेऐंशी मेगाबाईट. कोल्हापुरातल्या प्रेसच्या मृत्युंजयनं फोनवर निक्षून सांगितलं होतं, "दोनच्या आत पायजे. न्हायतर उद्याची आशा सोडा."

एरवी असा मजकूर स्कझी डिस्कवर भरून माणसाच्या हाती जाई. डिस्क म्हणजे जेवणाच्या डब्याएवढा जड ठोकळा. पण यंदा कृष्णातनं चेअरमन हंबीररावांच्या मागं लागून टेलिफोनची नवी, वेगवान लाइन घ्यायला लावली होती. हंबीररावांनी तेव्हाच बजावलं होतं, "चालली तर ठीक. न्हाय चालली तर कॉम्प्युटर गोदामात, आन तू परत दूध मापायला."

कृष्णात बारावी झालेला. कॉम्प्युटर त्याला कुणी शिकवला नव्हता. इंग्रजी पुस्तक उजवीकडं आणि डिक्शनरी डावीकडं, असं चार वर्षं झगडून तो शिकला होता, आणि खरं सांगायचं तर चांगला शिकला होता. डिस्कचा वेग पुस्तकात मेगाबाईटमध्ये दिलेला, लाइनचा किलोबिटमध्ये : सेकंदाला चौसष्ट. बिट वेगळा, बाईट वेगळा, एवढं त्याला ठाऊक होतं. पण उमेदीची सगळी वर्षं दूध मापण्यात गेलेली. संघात लिटरचे किलो करताना एक पूर्णांक तीन शतांशानं गुणतात. बिट-बाईटमध्येही असाच चमचाभर फरक असणार, असं धरून त्यानं तीन टक्के सोडले आणि पाऊण तास काढला.

पाऊण तास झाला. पडद्यावरची निळी पट्टी मुंगीएवढी सरकली होती. समोर खुर्च्या मांडून बसलेले संचालक चुळबुळू लागले.

"किस्नात, दमली काय रं लाइन?" हंबीरराव म्हणाले.

"म्हशी जड हायत, साहेब," कृष्णात कपाळ पुसत म्हणाला.

मग सगळे चहाला केबिनमध्ये गेले, तेवढ्यात अंबूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. संघाच्या दोन वळूंना त्या रोज पायलीनं मापून भरडा घालत. किलोवर त्यांचा विश्वास नव्हता.

"तोंड का उतरलंय रं?"

"मावशी, सेकंदाला चौसष्ट जायला पायजे, आन जाईना झालंय."

"चौसष्ट काय? मापटी का पायल्या?"

"आं?"

"आरं, पायलीत आठ मापटी मावत्यात. चौसष्ट मापटी म्हंजे आठच पायल्या की. तू काय धरून बसलाईस?"

कृष्णातनं पुस्तक ओढलं, बोट ठेवत पान वाचलं आणि हिशेब पुन्हा मांडला. आठ बिटांचा एक बाईट. पाऊण तासाचे सव्वासहा तास झाले होते.

"संपलं, मावशी. संध्याकाळचं सव्वापाच."

"आन तो डबा कशाला हाय मग?"

त्यानं जुन्या डिस्ककडं पाहिलं. लाइन चालू ठेवूनच त्यानं ती कॉम्प्युटरला जोडली. छत्तीस सेकंदांत सगळ्या म्हशी डिस्कवर बसल्या.

"तू हितनं हललास तर साहेब वराडतील. मी जातो की," अंबूबाई म्हणाल्या. डिस्क फडक्यात गुंडाळून त्यांनी पायलीत ठेवली. बरोबर बसली. बाराची एसटी त्यांनी हात करून थांबवली.

एकला पाच मिनिटं कमी असताना चेअरमनच्या केबिनमधला फोन वाजला. हंबीररावांनी ऐकलं आणि बाहेर येऊन गरजले, "पोचलं! मृत्युंजय म्हणतोय समदं झ्याक हाय, छपाई सुरू! किस्नात, पाऊण तास म्हनलावतास, थोडं म्होरं गेलं, पन पोचलं!"

टाळ्या पडल्या. कृष्णातला गप्प बसता आलं असतं. पण ते त्याच्या जिभेला जमणारं नव्हतं.

"लाइननं न्हाय, साहेब. अंबूमावशींनी नेलं. माझा हिशेब आठपट चुकला."

हंबीररावांनी मिशीवर बोट फिरवलं. "म्हंजे मावशी लाइनीच्या आठपट पळत्यात?"

"थोड्या कमीच."

"मग ऐक. कॉम्प्युटर हाय तिथंच ऱ्हाऊ दे. सभेत लाइनीचंच नाव सांगायचं. आन अंबूबाईंना वर्षाचा एसटी पास काढून दे."

अंबूबाई चारला परतल्या. वळूंना भरडा घालून त्या पायली धूत होत्या, तेव्हा बरोब्बर सव्वापाचला कॉम्प्युटरनं टुंग केलं. काम पूर्ण झाल्याची पाटी पडद्यावर आली.

"मावशी, लाइन पोचली!" कृष्णातनं हाक मारली.

अंबूबाईंनी हात पदराला पुसत आत डोकावून पाहिलं.

"बिचारी," त्या म्हणाल्या. "चालत गेलती व्हय?"