कण्हणारा पियानोवाला

"वहिनी, हा बाबा वाजवताना कण्हतो हां," कॅसेट भरून देणाऱ्या भीमराजने सुलक्षणाला आधीच बजावलं होतं. "जुनी तबकडी आहे, लढाईच्या आधीची. शेजाऱ्यांना सांगून ठेवा."

"शेजाऱ्यांना काय करायचंय? मला पोरीला झोपवायचंय," असं म्हणून सुलक्षणाने कॅसेट पर्समध्ये टाकली आणि ती घाटकोपरच्या आपल्या वसाहतीत परत आली.

दीड वर्षाच्या छकुलीला दुपारी झोप लागत नसे. लागलीच तर सुलक्षणा दर पाच मिनिटांनी तिच्या नाकापुढे बोट धरी आणि पोर जागी होई. यावर तिला एकच उपाय आठवला होता. बी.ए.ला असताना कॉलेजातल्या बाईंकडे ऐकलेले ते पियानोचे सोनाटा. तबकडी बाईंनीच दिली होती. वाजवणारा युरोपातला कुणी म्हातारा, केव्हाच वारलेला. संथ भागात त्याचा डावा हात अगदी दबकत चाले, झोपलेल्या घरातून कुणी अनवाणी फिरावं तसा. आणि मोठा स्वर यायच्या जरा आधी म्हातारा कण्हे, जणू खोल विहिरीतून भरलेली कळशी ओढतोय. मग स्वर येई आणि सुलक्षणाच्या अंगावर काटा उभा राही. छकुली तर पहिल्या कण्हण्यालाच झोपे.

घरात तिचे सासरे, आबाही होते. तीस वर्षं गिरणीत साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात काढल्याने त्यांना कमी ऐकू येई. संपानंतर गिरणी बंद पडली, तेव्हापासून ते दुपारी आतल्या खाटेवर पडून असत. त्यांना ना पियानोचा त्रास, ना कण्हण्याचा.

आठवड्याभराने आरेच्या दूधकेंद्रावर समोरच्या वनमालाकाकूंनी तिला बाजूला ओढलं.

"म्हातारं माणूस आहे गं. दोन घास जास्त घाल. मारू नकोस."

"कोणाला?"

"मी काही बोलले नाही हो! पण दार लावलं म्हणून आवाज लपतो का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी इमारतीचे सेक्रेटरी दत्ताराम चार जणांना घेऊन दारात उभे. "वहिनी, म्हाताऱ्याला बाहेर आणा. आत्ताच्या आत्ता."

आबा कपबशी घेऊन स्वतःच बाहेर आले. "काय झाला? मी चाय पितंय."

आत कण्हणं चालूच होतं. पाचही जणांनी एकमेकांकडे पाहिलं. सुलक्षणा रडकुंडीला आली होती. तिने सगळ्यांना टेपरेकॉर्डरपुढे सतरंजीवर बसवलं, कॅसेट मागे फिरवली आणि शिकवणीच घेतली. हा डावा हात. हा उजवा. आता तो स्वर शोधतोय. आता ऐका...

"ऊंऽऽ," पियानोवाला कण्हला.

"आयला, बरोब्बर समेवर!" दत्ताराम ओरडले. भजनात ते पखवाज वाजवत. "वहिनी, परत लावा."

त्या दिवसापासून सुलक्षणाची अब्रू वाचली आणि इमारतीला छंद लागला. दुपारी दार उघडं ठेवायची फर्माईश आली. वनमालाकाकू तांदूळ निवडायला जिन्यात बसू लागल्या. "थांब हां, आता कण्हेल... कण्हला! मेला काय जीव ओततो गं." दत्ताराम पायरीवर बोटांनी ठेका धरत. सुलक्षणाला मनातून अभिमानही वाटू लागला. आपल्यामुळे चार माणसांना कान आला, असं ती नवऱ्याला, सहदेवला म्हणालीदेखील. तो म्हणाला, "झकास. पण भाजी करपली."

मग तो मंगळवार आला. छकुलीला लस टोचायला दवाखान्यात न्यायचं होतं. आबा एकटे राहणार. सुलक्षणाने गॅस दोनदा तपासला, टेपरेकॉर्डरची पिन काढली, आबांच्या उशाशी पाणी ठेवलं आणि समोरचं दार वाजवलं.

"काकू, आबा एकटेच आहेत. जरा कान ठेवा."

"बिनधास्त जा गं. दोन्ही कान ठेवते."

दवाखान्यात रांग होती. दीड तासाने ती जिना चढली, तर वनमालाकाकू आणि दत्ताराम पायरीवर बसून चहा पीत होते. दोघांचे चेहरे तृप्त.

"काय लावून गेलीस गं आज!" काकू म्हणाल्या. "तासभर उठले नाही बघ. मीच भावजींना हाक मारली, म्हटलं या, आज खास आहे."

"पियानो अजिबात नाही, नुसतं कण्हणं," दत्ताराम म्हणाले. "मधे दोनदा लय सुटली. पण दर्द काय होता वहिनी! शेवटी शेवटी तर इतका बारीक लावला..."

सुलक्षणाने धावत जाऊन दारात किल्ली फिरवली.

आबा मोरीत आडवे होते. पाय घसरून खुबा मोडला होता. तोंडाशी ओला पंचा, डोळे उघडे. त्यांना इस्पितळात हलवलं ते दत्तारामांनीच, पाठीवर घेऊन तीन मजले उतरून. उतरताना ते स्वतः इतके रडत होते की खालच्या मजल्यावरच्या जयंतीने दार उघडून, "आज बाहेर कार्यक्रम?" असं विचारलं.

इस्पितळातल्या खाटेवर पायाला वजन बांधलेले आबा शुद्धीत आले, तेव्हा सुलक्षणाने विचारलं, "हाक का नाही मारलीत? काकू दाराबाहेरच होत्या."

आबा म्हणाले, "साच्याच्या आवाजात हाक मारून कोणाक ऐकू येता गो? ती सवयच नाय."

यावर कुणाशी भांडायचं, हे तिला कळेना. काकूंनी सांगितल्याप्रमाणे कान ठेवला होता. दत्तारामांनी शिकवल्याप्रमाणे दाद दिली होती. शिकवणी तर तिचीच.

डॉक्टर म्हणतात, चालणं कठीण आहे. सुलक्षणा आता खाटेशेजारी स्टुलावर बसून असते, मांडीवर न झोपणारी छकुली, आणि येईल त्याला एकच विचारते. तेच तिला तुम्हालाही विचारायचंय. तुमच्या शेजारच्या बंद दारामागे दुपारचं एकटं कोण असतं? माहीत असेलच. मग हे खाली ठेवा आणि जाऊन कडी वाजवा. आतून सगळं अगदी सुरात येत असलं, तरी वाजवा.