वामनरावांचा खोकला

अपडेट पूर्ण झालं तेव्हा कुमुदिनी ताम्हनकरांच्या कॉम्प्युटरमधून एक मध्यमवयीन गृहस्थ बाहेर आले, चपला दाराबाहेर काढून ठेवल्या, पायपुसण्यावर पाय पुसले आणि म्हणाले, "काकू, आता मी इथंच राहणार. तुमच्या सोयीसाठी."

कुमुदताईंनी त्यांना पाणी दिलं. आलेल्या माणसाला आधी पाणी, मग काय ते बोलणं. शेजारच्या घोरपडेवहिनींकडचे गृहस्थ तर गणपतीच्या आधीच आले होते. "आमचे बेडरूममध्ये झोपतात बाई, तुमचे बाहेर तरी बसतात," वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी चहाचा डबा ओट्यावरून माळ्यावर गेला, देव जिन्याखाली. "नवी मांडणी," गृहस्थ म्हणाले. बहिणीला फोनवर गुडघ्याचं सांगावं, तर फोन ठेवायच्या आत टेबलावर तेलाच्या बाटल्या हजर.

"चोरून ऐकता होय?"

"छे, काकू! समोर बसून ऐकतो."

रोज सकाळी ते विचारत, "मी कायमचा राहू ना?" उत्तरं दोनच होती: 'हो' आणि 'नंतर विचारा'. 'नाही' मागच्या अपडेटमध्ये काढलं होतं. फारसं कुणी वापरत नव्हतं म्हणे. कुमुदताई आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेल्या बाई, 'नाही' म्हणण्यात हयात गेलेली. पण करता काय? "नंतर विचारा," म्हणत.

हे सगळं त्यांनी सोसलंही असतं. पण कॉम्प्युटरमध्ये एक फाइल होती. वामनरावांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, जाण्याच्या आदल्या वर्षी माइक चालतो का ते बघायला सहज बोलून ठेवलेलं. आधी खोकला, मागे कुकरची शिट्टी, मग "कुमे, चहा झाला का गं?" नवऱ्याचा तेवढाच आवाज उरला होता. रोज सकाळी त्या तो लावत, "हो, आणते" म्हणत आणि मगच उठत.

"हे सुधारू का, काकू?"

"नंतर विचारा."

घात केला तो बहिणीच्या फोननं. ती सुनेचं गाऱ्हाणं सांगायला लागली की थांबत नसे, आणि ऐकणाऱ्यानं हुंकार दिला नाही तर रुसायची. कुमुदताई आपल्या भाजी निवडत म्हणत होत्या, "हो... हो ना... हो गं." गृहस्थ समोरच उभे होते.

नंतर फाइल लावली, तर शिट्टी नाही, खोकला नाही. कुणीतरी गोड आवाजात म्हणालं, "कुमुदिनी, चहा तयार आहे का?"

"अहो मेल्यांनो, काय केलंत हे! परत आणा ते!"

"जुनं आम्ही ठेवत नाही, काकू. तुम्ही हो म्हणालात."

कुमुदताई पदर तोंडाला लावून ढसाढसा रडल्या. वामनराव गेले तेव्हाही इतक्या रडल्या नव्हत्या. तेव्हा निदान आवाज होता.

गृहस्थांना वाईट वाटलं असावं. सकाळी ते वामनरावांच्या खुर्चीत जाऊन बसले. आत कुकर लावलेला होता. शिट्टी होईपर्यंत ते थांबले, मग खोकले.

"कुमे, चहा झाला का गं?"

तोच आवाज. अगदी तोच. इतके दिवस रोज ऐकत होते ना!

"हो, आणते," कुमुदताई म्हणाल्या.

गृहस्थांनी मान डोलावली, बाहेरच्या आपल्या चपला उचलून आत ठेवल्या आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसले. कुमुदताई माळ्यावरचा चहाचा डबा काढायला शिडी शोधू लागल्या.