उडत्या चालीचं निवेदन

ठण्ण! भर दुपारच्या शांततेत डब्याचं झाकण ओट्यावरून पडलं आणि फरशीवर गिरक्या घेत बसलं. मी श्वास रोखून उभी. पलंगावर माझ्या लेकीनं, अनूनं कूस बदलली, अंगठा तोंडात घातला आणि पुन्हा झोपली. वाचले! आणि त्याही अवस्थेत माझ्या मनात आलं, काळी दोन!

होय, मी झाकणाचीसुद्धा पट्टी ओळखते. हार्मोनियमच्या तीन परीक्षा पास झालेली बाई आहे मी! म्हणून तर शेजारच्या स्टॅनीनं निवेदनासाठी मला गाठलं. स्टॅनी व्हायोलिन शिकवतो. माणिकपूरच्या हॉलमध्ये त्याच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता आणि त्यात त्यानं स्वतः रचलेली एक छोटी धून होती.

"रचना, मम्मी पहिल्या रांगेत बसेल," तो म्हणाला. "धून तिच्यासाठीच आहे, पण तिला आधी कळायला नको. तू फक्त गती, पट्टी आणि भाव सांग. बाकीचं मी शेवटी बोलेन."

त्याची मम्मी म्हणजे आमची आग्नेस आजी. उमेळ्यात आम्ही राहायला आल्यापासून अनू निम्मी तिच्याच घरी वाढली आहे. तिच्या हातचं जेवते, तिच्याच मांडीवर झोपते. या बाईसाठी काहीतरी करायची संधी पहिल्यांदाच मिळत होती. मी म्हटलं, "स्टॅनी, बिनधास्त राहा! असं निवेदन करते की आजी जन्मभर विसरणार नाही!"

(विसरली नाहीच.)

धून त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. आधी कार्यक्रमाच्या वेळेबद्दल त्याचं चार वाक्यांचं बोलणं, मग संगीत. आता स्टॅनी म्हणजे असा माणूस, की 'नमस्कार' म्हणेपर्यंत समोरच्याचा चहा निवतो! त्यामुळे त्याचे निरोप मी कायम दुप्पट वेगानं ऐकते. लेकरू झोपलेलं असताना ज्यांना जगायचं असतं, त्या सगळ्याच बायका तसं करतात. ऐकलं. वा! काय ती लगबग! अनू जागी व्हायच्या आत निवेदन लिहूनही झालं.

कार्यक्रमाच्या दिवशी नवी साडी नेसून, अनूला विंगेत खुर्चीवर बसवून मी माइकसमोर उभी राहिले.

"रसिकहो! आता एक छोटीशी धून! पट्टी पांढरी दोन, त्यात कोमल गंधार. गती म्हणाल तर चिंचोटीचा धबधबा! आणि भाव? वरात निघालीय, नवरदेवाला धीर धरवत नाहीये! तेव्हा टाळ्यांचा ठेका धरा, आणि ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांनी सरळ पुढे येऊन नाचा!"

आमच्या सोसायटीचे शत्रुघ्नकाका तर आमंत्रणाचीच वाट बघत असतात. ते दोन्ही हात वर करून पुढे आले.

स्टॅनीनं डोळे मिटले. व्हायोलिनमधून एक सूर निघाला... आणि निघतच राहिला. दुसऱ्या सुरापर्यंत शत्रुघ्नकाकांचे हात तसेच वर! पोलिसांनी पकडल्यासारखे! लोक टाळ्या वाजवायला जागा शोधत होते. इकडे एक टाळी, तिकडे अर्धी.

मला वाटलं, ऑर्केस्ट्रातली मुलं घाबरली. मी विंगेतून स्टॅनीला हातानं चक्र फिरवून दाखवलं, "जोरात! पळव, पळव!" त्याचे डोळे मिटलेले. मग मी कहरच केला. मी माइक उचलला आणि धून चालू असताना म्हणाले, "कलाकार जरा दमलेत! टाळ्यांनी त्यांच्यात दम भरूया!"

कुणी टाळी वाजवली नाही. पहिल्या रांगेत आग्नेस आजी तोंडाला पदर लावून रडत होती.

धून संपली. स्टॅनी माइकपाशी आला. "ही पप्पांची चाल," तो म्हणाला. "संध्याकाळी केळ्यांचे घड लादलेली सायकल ढकलत ते वाडीतून यायचे. मम्मी दारात उभी असायची. त्यांना जाऊन आज बरीच वर्षं झाली, पण ती अजून त्या वेळेला दारात येते."

शत्रुघ्नकाकांनी हात खाली घेतले. ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना. मला मात्र नेमकं कळत होतं की मी कुठे जायला हवं. जमिनीच्या पोटात!

कार्यक्रमानंतर स्टॅनी म्हणाला, "रचना, तू धून नीट ऐकली होतीस ना?"

"ऐकली ना! ही बघ!" मी मोबाइल लावला. व्हायोलिन सुसाट सुटलं. त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. तिथे '२x' लिहिलं होतं.

त्यानं मोबाइल बंद केला. "म्हणजे माझं बोलणंसुद्धा तू असंच ऐकतेस...?"

"तेसुद्धा," मी म्हटलं.

मी आग्नेस आजीसमोर जाऊन उभी राहिले. "आजी, माझी चूक झाली. फार मोठी."

तिनं माझ्या खांद्यावरचा पदर नीट केला. "येडी! रडतेस काय? त्यांना कुनी वरातीतला नवरदेव म्हटलं, तर ते लाजले असते गो. जा, पोर पेंगतेय तुझी."

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

रिक्षात अनू माझ्या कुशीत होती. झोपली असं वाटलं, तोच तिनं मान वर केली.

"आई, ते आजोबा सायकल घेऊन हळूहळू घरी येत होते ना?"

"हो गं राणी."

"मग तू त्यांना 'पळ, पळ' का म्हणत होतीस?"