सेतुरावांची घरंदाज गाडी

गाडीचा सुटा भाग भंगारातून उचलण्यापूर्वी सेतुराव त्याचं घराणं विचारतात. गाडी कुणाची होती, मालक काय करायचा, गाडीत कुणाचा जीव गेला होता का, मालक उधळ्या होता की जपून चालवणारा, हे सगळं कळल्याशिवाय ते साध्या नटालाही हात लावत नाहीत. लोखंडाला कसलं आलंय घराणं, असं मी एकदा बोलून गेलो. सेतुरावांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि शांतपणे विचारलं, "चोराच्या गाडीचा पंखा आणूं आणि तो रस्त्यांत निघून गेला मणजे?"

तेव्हापासून मी सुट्या भागांची घराणी ऐकून घेतो.

मी मूळचा सांगलीचा. बँकेनं मला तंजावूरला पाठवलं आणि परत बोलवायचं विसरून गेली. घर शोधत होतो तेव्हा या गल्लीत कुणीतरी मराठीत रागावताना ऐकू आलं, म्हणून थांबलो. सेतुराव त्यांच्या पिकअपवर रागावत होते. त्यांचे पूर्वज इथल्या मराठा राजांच्या पदरी कारकून म्हणून इकडे आले आणि इथलेच झाले. परक्या मुलुखात मराठी माणूस भेटला म्हणून माझा ऊर भरून आला. सेतुरावांनी माझी चार वाक्यं ऐकून घेतली आणि म्हणाले, "तुमचें मराठी बेस आहे, पण फार नवें आहे." माझं मराठी त्यांच्या लेखी अजूनही नवंच आहे.

वीज खात्यातून निवृत्त होताना बाकीच्यांनी घड्याळ आणि शाल घेतली. सेतुरावांनी खात्याची लिलावात निघालेली डिझेल पिकअप घेतली. आयुष्यभर याच गाडीत शिडी आणि तारांची भेंडोळी टाकून ते खेड्यापाड्यांत हिंडले होते. आता तिच्यातून शेजाऱ्यांची कपाटं, देवळातल्या जेवणावळीची भांडी आणि लग्नातली केळीची पानं जातात. भाड्याचं नाव काढलं की त्यांना राग येतो. दरवाजा पिवळा, बॉनेट निळं, मागची फळी कुठल्याशा गोणपाटाच्या रंगाची. आत बसलं की ओळखपरेड सुरू होते. हा आरसा कुंभकोणमच्या एका मुख्याध्यापकांचा, मागचं सगळं दिसतं. हा हॉर्न उत्सवमूर्तीच्या गाडीचा, म्हणून उगाच वाजवायचा नाही. ही सीट एका सुखी संसारातली आहे. सीटवरून संसार सुखी होता हे कसं कळलं, ते विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.

गाडीत एकच खोट होती. ती तापायची. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा तिचा जुना पंखा आवाज करायचा विमानाचा आणि वारा द्यायचा हातपंख्याएवढा. या एका खोटीपायी सेतुरावांवर मोठा प्रसंग आला.

त्यांची थोरली बहीण तिरुवैयारूला राहते. आम्ही सगळे तिला अक्काच म्हणतो. कावेरीच्या काठावरच्या घरात तिनं पोरींना गाणं शिकवण्यात जन्म घालवला. आता गुडघे गेले, जिना चढवत नाही, म्हणून तिचा मुलगा रघू तिला पोंगलनंतर कायमची बंगळूरला नेणार होता. तंजावूरहून संध्याकाळची रेल्वेगाडी होती. तिरुवैयारूपासून स्टेशनपर्यंत अक्काला मीच नेणार, असं सेतुरावांनी जाहीर केलं. अक्कानं तितक्याच स्पष्टपणे नाही म्हटलं. मागल्या खेपेला पिकअप पुलावर उकळली होती आणि लोणच्याच्या बरण्या मांडीवर घेऊन ती भर उन्हात रस्त्याकडेला बसली होती. येणारेजाणारे भाव विचारत होते. रघू टॅक्सी करणार होता आणि अक्काला टॅक्सीच पसंत होती. फार गळ घातल्यावर ती एवढंच म्हणाली की वाफ न काढता गाडी एकदा माझ्या दारापर्यंत आणून दाखव, मग बघू.

झालं. सेतुरावांनी पंचांग काढलं आणि विजेचे पंखे बसवायचं ठरवलं.

पुढचा महिना ते रोज कायलान कडैत, म्हणजे भंगारच्या दुकानात, स्थळं पाहायला जात होते. दुकानाचे मालक इस्माईलभाई सोशिक गृहस्थ. आधी एका वकिलाच्या गाडीचा पंखा निघाला. चांगला दणकट होता, पण सेतुरावांनी नाकारला. वकिलाचा पंखा, दोन्हीकडून वारा घालेल म्हणाले. शेवटी एका बालरोगतज्ज्ञाच्या लहान गाडीतले दोन पंखे पसंत पडले. डॉक्टर हाताचे हलके होते, पोरं रडायची नाहीत, अशी माहिती इस्माईलभाईंनी पुरवली. त्यांना ती कुठून मिळाली कोण जाणे. पंख्यांना वीज जास्त लागते, म्हणून मोठा आल्टर्नेटर हवा होता. तो एका रुग्णवाहिकेचा मिळाला आणि सेतुराव दोन दिवस विचारात पडले. रुग्णवाहिकेत माणसं जातात. मग त्यांनीच तोड काढली. जाणारे जातात, पण रुग्णवाहिका वाटेत थांबून राहत नाही. आल्टर्नेटर घरी आला.

जुना पंखा निघाला आणि रेडिएटरच्या पुढं, जाळीच्या आत, दोन नवे पंखे बसले. आता पूजा हवीच. चार चाकांखाली चार लिंबं आली, बॉनेटवर चंदनाचे ठिपके पडले. गल्लीतली बायकामाणसं जमली. सेतुरावांनी इंजिन सुरू केलं, पंखे लावले, गाडीसमोर येऊन उभे राहिले आणि पुजाऱ्यांनी जाळीसमोर कापराची आरती धरली. ज्योत जी वाकली ती थेट सेतुरावांच्या अंगावर. धूर त्यांच्या तोंडावर आला, डोळ्यांतून पाणी आलं. पुजारी म्हणाले, देव आशीर्वाद देतोय. बायकांनी हात जोडले. सेतुरावांनी तर त्या धुराखाली डोकंच वाकवलं. मीही नमस्कार केला. विज्ञानाचा पदवीधर असून माझ्या डोक्यात काही आलं नाही.

त्यानंतर गाडी दारात तासभर चालू ठेवली आणि तापमानाचा काटा जागचा हलला नाही. सेतुरावांनी गल्लीत केशरी शिरा वाटला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं तिरुवैयारूला निघालो. वाटेत नद्या आणि पूल एकामागून एक येतात. वेण्णारच्या पुलावर पिकअपनं असा उसासा टाकला की पुलावरची बकरी पांगली. टाऊन बसच्या कंडक्टरनं खिडकीतून डोकं काढून इडल्या झाल्या का विचारलं. आम्ही ट्रॅक्टरला दोर बांधून परत आलो. घरी येऊन सेतुराव पायरीवर बसले आणि बराच वेळ बॉनेटकडे पाहत राहिले. मग अचानक उठले, देवघरातून उदबत्ती आणली, पंखे लावले आणि उदबत्ती जाळीसमोर धरली. धूर बाहेर आला.

पंखे उलटा वारा देत होते. डॉक्टरच्या गाडीत ते रेडिएटरच्या मागं बसून वारा ओढायचे. सेतुरावांनी ते तसेच आणून पुढं बसवले आणि आता ते वारा इंजिनाकडे ढकलायच्या ऐवजी बाहेर फेकत होते. दारात उभ्या गाडीला तोही वारा पुरला. रस्त्यावर समोरचा वारा आणि पंख्याचा वारा यांची गाठ पडली आणि मधल्यामध्ये गाडी उकळली. देवानं ज्योत वाकवून भर गल्लीत चूक दाखवली होती आणि आम्ही सगळ्यांनी हात जोडून ती साजरी केली होती.

दोष डॉक्टरांकडे गेला नाही. "मुलगी नव्या घरीं आली, रीत कोणी सांगितली नाहीं," एवढंच सेतुराव म्हणाले. त्यांनी पाती उलटी बसवली, तारांची अदलाबदल केली आणि त्यानंतर रोज पहाटे गाडी वल्लम गावापर्यंत नेऊन आणू लागले. गाडी तापेना. इतकंच नव्हे, जुन्या पंख्याबरोबर तिचा तो विमानाचा आवाजही गेला होता. पण अक्काला सांगायची त्यांना हिंमत होईना. शेवटी मीच फोन केला. अक्का म्हणाली, तुम्ही बरोबर बसणार असाल तर येते, म्हणजे उकळली तर बरण्या धरायला एक माणूस असेल.

निघायच्या दिवशी रघू सगळं सामान टॅक्सीत घालून पुढं गेला. त्याचा मामावर जीव होता, मामाच्या गाडीवर नव्हता. आम्ही भरपूर वेळ हाताशी ठेवून निघालो. सेतुराव स्टिअरिंगवर, अक्का खिडकीशी आणि मधे गिअरच्या दांड्यापाशी गुडघे आवळून मी. काटा बरोबर माझ्या नाकासमोर होता.

मी ओळखपरेडीची वाट पाहत होतो. ती झालीच नाही. अक्का बोलत होती आणि सेतुराव ऐकत होते. लहानपणी आईची आंबट भाजी चुलीवरून कुणी सांडली यावर दोघांचं भांडण लागलं. मग वडिलांची, म्हणजे अण्णांची, छत्री, मग कावेरीत वाहून गेलेली चप्पल. अक्काचा आवाज गाणं शिकवून शिकवून बसला आहे. जुन्या पंख्याच्या घरघरीत त्यातलं अक्षर ऐकू आलं नसतं. आता सगळं ऐकू येत होतं. शब्द असे की काही मला फक्त अंदाजानं कळले. "सेत्या, तूं तेव्हांही लबाड होतास," ती म्हणाली आणि सेतुराव असे हसले की मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

सेतुरावांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा होसूरला. नातवंडांना मराठी कळतं, पण फोनवर यांनी मराठीत विचारलं की उत्तर तमिळमध्ये येतं. माझं मराठी नवं. त्यांना सेत्या म्हणणारं आणि त्यांच्या घरच्या बोलीत त्यांच्याशी भांडणारं माणूस एकच उरलं होतं आणि आम्ही त्याला स्टेशनवर पोचवायला निघालो होतो. हे लक्षात आलं आणि मला फार वाईट वाटलं.

पूल मागे पडत होते. वेण्णारही गेली, काटा मधोमध, जराही हलला नाही. पुढं तंजावूरची घरं दिसू लागली. सेतुरावांनी वेग कमी केला, गाडी रस्त्याकडेच्या करंजाखाली घेतली आणि इंजिन बंद केलं.

"तापलें," ते समोर पाहत म्हणाले. "अर्धा तास उभें राहायला पाहिजे."

मी काट्याकडे पाहिलं. सेतुरावांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ज्या गाडीसाठी त्यांनी महिनाभर भंगार उपसलं आणि गल्लीचं हसू सोसलं, तिची बदनामी ते स्वतःच्या तोंडानं करत होते. तेवढ्यात माझा फोन वाजला. रघू होता, कुठे पोचलात विचारत होता. मी सांगितलं की गाडी तापली आहे, रेल्वेच्या वेळेआधी येतो. त्याला नवल वाटलं नाही.

अक्का दार धरून सावकाश खाली उतरली. पुढं आली. वाफ नव्हती, आवाज नव्हता. तिनं निळ्या बॉनेटवर तळहात टेकवला आणि तो बराच वेळ तिथंच ठेवला.

"होय रे सेत्या," ती म्हणाली, "फार तापलें आहे. बसूं थोडें."

आणि ती करंजाच्या मुळाशी दगडावर बसली. सेतुराव तिच्याशेजारी जमिनीवर बसले आणि आंबट भाजी नक्की कुणी सांडली, ते दोघं पुन्हा पहिल्यापासून ठरवू लागले.