मीटरला न कळणारा दिवा

"मीटरला कळणारसुद्धा नाही, असा दिवा करून दाखवतो!" जेवता जेवता खटपट्यानं घोषणा केली आणि हातातला घास छताच्या ट्यूबलाइटवर असा रोखला, की ती बिचारी एकदा लुकलुकली.

खटपट्या हे नाव त्याला कचेरीनं दिलेलं. तिथे तो फाइली लावायचा. पण पंखा बंद पडो, ड्रॉवर अडको, साहेबांच्या टेबलावरची घंटी मुकी होवो, खिशातला स्क्रूड्रायव्हर बाहेर! उघडलेलं सगळंच पुन्हा बंद व्हायचं असं नाही. घरी मात्र आईच्या लेखी लेक म्हणजे अर्धा इंजिनियर. उरलेला अर्धा कुठे गेला, हे विचारायची बायकोची छाती नव्हती. कारण कुणी खोट काढली की खटपट्या रुसायचा, आणि तो रुसला की घरात कुणाला धड दोन घास गोड लागत नसत.

पुढची खोली आईची. खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत, ती इतकी जवळ की हात बाहेर काढला तर कोपर खरचटावं. त्यामुळे भर दुपारीही तिथे दिवा लागायचा. दिव्याखाली आईची शिलाई मशीन. आख्ख्या जिन्याच्या बायका तिच्याकडून ब्लाउज शिवून घ्यायच्या. सध्या तिनं इतर कामं बाजूला सारली होती, कारण सासरी असलेल्या थोरल्या लेकीला दिवस गेले होते.

"डोळे शाबूत आहेत तोवर बाळाची झबली माझ्या हातची होऊ देत," असं ती येईल त्याला सांगायची. बाकी कशाची हौस तिला उरली नव्हती.

तर दिव्याला सुरुवात झाली. मोडक्या टॉर्चमधले एलईडी, जुन्या मोबाइलचा चार्जर आणि आइस्क्रीमचा रिकामा डबा! एलईडी जळू नयेत म्हणून रेझिस्टर लावतात. करंट अडवणारा दाण्याएवढा पुर्जा. खटपट्यानं एक लावला. तरी एलईडी जरा कोमट लागले. दुसरा लावला. मग त्याच्या डोक्यात आलं, जेवढा करंट कमी, तेवढं दिव्याला आयुष्य जास्त! झालं, हाताशी होते नव्हते तेवढे सगळे लावून टाकले. उजेड डोळ्यांना खुपू नये म्हणून वर डब्याचं झाकण, झाकणाच्या आत बटर पेपर. ट्यूबलाइट माळ्यावर गेली आणि तिच्या जागी डबा लटकला.

"बघा!" खटपट्या म्हणाला.

सगळ्यांनी दिव्याकडे पाहिलं. दिवा खरंच छान दिसत होता, अगदी चंद्रासारखा! फक्त दिवा सोडून दुसरीकडे पाहिलं तर काही दिसत नव्हतं. पण खटपट्या दुसरीकडे कशाला बघतोय!

"जरा मंद वाटतो का हो?" बायकोनं चाचरत विचारलं.

"मंद? अगं, सौम्य प्रकाश म्हणतात याला! तुला चष्मा लागला असेल."

बायकोनं निमूट भात वाढला. ताटाशेजारी.

आई मात्र कौतुकानं म्हणाली, "माझ्यासाठी केलंस रे! दृष्ट लागेल दिव्याला."

दृष्ट लागली, पण दिव्याला नाही. आठवडा गेला नसेल, शेजारच्या काकू ब्लाउज घेऊन आल्या. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या! आईनं हसून वेळ मारून नेली. पुढे लेकीकडे पहिलं झबलं गेलं आणि लेकीचा फोन आला, "आई, झबलं सुंदर आहे गं. पण गळा शिवून बंद केलायस. बाळ घालायचं कुठून?"

त्या दिवशी आई मशीनवरून उठली ती कॉटवर जाऊन बसली. "मला दिसेनासं झालंय रे," ती म्हणाली. "दोरा ओवता येत नाही. कापड पांढरं की पिवळं कळत नाही."

माणूस खटपट्या असला तरी आईवर त्याचा जीव होता. दुसऱ्याच दिवशी रजा टाकून तो तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. तिथे आईनं तक्ता वरपासून खालपर्यंत घडाघडा वाचला. शेवटची ओळ संपल्यावर कोपऱ्यातलं छापखान्याचं नावही वाचलं.

"डोळे ठणठणीत आहेत," डॉक्टर म्हणाले.

"अहो, घरी हिला काही दिसत नाही!"

"घरी उजेड पुरेसा आहे ना?"

खटपट्या खुर्चीत ताठ झाला. "डॉक्टर, दिवा मी स्वतः बनवलाय!"

डॉक्टरांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि डोळ्यांत घालायचे थेंब लिहून दिले.

डॉक्टरला काही कळत नाही, असं खटपट्याचं ठाम मत पडलं. मग दुसरा डॉक्टर झाला, गाजराचा रस झाला, पहाटे गवतावरून अनवाणी चालणं झालं. म्हणतात ना, काखेत कळसा नि गावाला वळसा! "बाहेर मला सगळं लख्ख दिसतं रे, घरात आलं की जातं," असं आई सांगायची, तर हा मान हलवून म्हणायचा, "या रोगात असंच असतं." तो तिला कॉटपासून स्वयंपाकघरापर्यंत हात धरून न्यायला लागला. नेताना एकदा स्वतःच मशीनवर आदळला आणि नडगी चोळत बायकोला म्हणाला, "काळजीनं माझंसुद्धा लक्ष ठिकाणावर नाही बघ."

शेवटी एक दिवस आईनं काकूंना बोलावलं. "मशीन तुम्ही न्या. पडून राहिली तर गंजेल." मशीनवर तिनं एकदा पदर फिरवला, तोही अंदाजानं. काकू डोळे पुसत मशीन घेऊन गेल्या आणि मशीनच्या जागी खटपट्यानं स्टूल ठेवलं, आईला धडपडताना धरायला काहीतरी असावं म्हणून.

लेकीला हे कळलं तेव्हा ती अवघडलेल्या अंगानं, मिळेल त्या रिक्षानं माहेरी थडकली. वेळ भर दुपारची. दारातच थबकून ओरडली, "वीज गेलीय का रे?"

"नाही ताई, दिवा चालू आहे," खटपट्या आतून म्हणाला.

"कुठाय?"

"वर बघ ना!"

ताईनं वर पाहिलं. मग खाली पाहिलं. मग मोबाइलचा टॉर्च लावला. खोलीत लख्ख उजेड पडला आणि कॉटवर बसलेली आई मांडीवरच्या अर्धवट झबल्याकडे बघून किंचाळली, "अगं बाई! हे फुलाफुलांचं आहे होय?"

मग ताईचा पट्टा सुरू झाला. "गाढवा! दिव्याखाली अंधार असतो असं ऐकलं होतं, दिव्यातच अंधार आज बघितला! चांगल्या धडधाकट बाईला आंधळी केलीस?"

"त्याला बोलू नकोस गं," आई मध्ये पडली. "त्यानं इतक्या हौसेनं केला होता. तो खोटा कसा असेल? म्हटलं, माझेच गेले असतील डोळे."

ताईच्या शिव्या खटपट्यानं एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडल्या असत्या. आईचं हे वाक्य मात्र आत गेलं ते गेलंच. धरणीनं पोटात घ्यावं असं त्याला वाटलं. स्टुलावर चढून त्यानं डबा उतरवला, ट्यूबलाइट परत चढवली, आणि बटण दाबल्यावर पहिल्यांदाच त्यानं दिव्याकडे न बघता आईकडे पाहिलं. आई दोरा ओवत होती. पहिल्या झटक्यात गेला! त्याला खूप लाज वाटली, आणि ती कुठे ठेवावी हे कळेना.

मग मशीन परत आणायला तो आईबरोबर काकूंकडे गेला. रस्ताभर, म्हणजे दोन दारांमधल्या व्हरांड्यात, काय सांगायचं याची जुळवाजुळव चालली होती.

"डोळे बरे झाले?" काकू थक्क झाल्या. "कुणी केले हो?"

खटपट्यानं तोंड उघडलं. पण लेकाचं नाक कापू देईल ती आई कसली!

"माझ्या लेकानं केले," आई चटकन म्हणाली.

सत्य सांगायची ती वेळ होती. खटपट्यानं मशीन उचलली आणि खाली मान घालून घरी आला. चूक एवढीच. पण काकूंच्या पोटात तीळ भिजत नसे. सकाळी कचेरीला निघावं म्हणून त्यानं दार उघडलं, तर समोर काकूंचे सासरे काठी टेकून उभे! मागे काकू, आणि त्यांच्या मागे जिन्याच्या पायऱ्यांवर कुणी आईला, कुणी आत्याला धरून आणलेलं.

"बाळ, माझा डावा अगदीच गेलाय," आजोबा म्हणाले. "आईला काय दिलंस, ते मलाही दे."

म्हातारा किती आशेनं बघत होता! आता मात्र खटपट्याला खोटं बोलवेना. आजोबांच्या कानाशी वाकून तो पुटपुटला, "आजोबा, मी काही केलं नाही. आईचे डोळे चांगलेच होते. माझा दिवाच मंद होता."

"काय? मोठ्यानं बोल! मला ऐकू येत नाही!"

"दिवा मंद होता..."

"अरे, तोंडातल्या तोंडात काय बोलतोस!"

मग खटपट्यानं डोळे मिटले आणि छाती भरून ओरडला, "मी केलेला दिवा मंद होता! आई आंधळी नव्हती! मीच गाढव होतो!"

जिन्यातली उरलीसुरली दारंही उघडली. वरच्या मजल्यावरून माणसं कठड्यावर ओणवी झाली. खालचा दूधवाला किटली हातात धरून वर बघत राहिला.

आजोबांनी शांतपणे मान डोलावली. वळता वळता त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "असं होय! मग एवढा ओरडतोस कशाला? घरातली गोष्ट घरात ठेवावी, बाळ."