पाया पड, मामी!

छबीला रागवायला कोणी तोंड उघडलं, की ती उजवा पाय पुढे करायची. "पाया पड!" आणि रागवणारा, मग तो कितीही मोठा असो, निमूट वाकायचा. आमच्या गोंदिया-बालाघाटकडे भाची म्हणजे देव. मामा-मामीनं तिच्या पाया पडायचं. तिच्यावर हात उगारला, तर म्हातारपणी तो हात कापतो म्हणतात. पाच वर्षांच्या छबीला अक्षर एक येत नव्हतं, पण हा कायदा तोंडपाठ होता.

साठ-बासष्टची गोष्ट. नणंदबाईंना ऑपरेशनसाठी नागपूरला नेलं. दुखणं जिवावरचं होतं. छबीला मात्र सांगितलं, माय लग्नाले गेली. पोरीला सांभाळायचं कोणी? मी पुढे झाले. एकोणीस वर्षांची, भंडाऱ्याची मॅट्रिक पास नवी सून. दोन महिने बालवाडीत शिकवलं होतं, त्याची ऐट अंगात मावत नव्हती. "मुलांशी समजुतीनं बोललं की मुलं ऐकतात," मी सासूबाईंना सुनावलं.

"हौ. बोलून पाहा," त्या म्हणाल्या आणि तांदूळ निवडू लागल्या.

पहिल्या सकाळी तिनं वासरू सोडलं. ते सगळं दूध पिऊन गेलं, चहा कोरा झाला. मी समजुतीनं बोलायला बसले. माझं पहिलं वाक्य संपेपर्यंत ती अंगणात. तिथं उकडलेलं धान वाळत घातलेलं. त्यात टाचा घासत तिनं गोंदियापासून बालाघाटपर्यंत रूळ टाकले, आणि "बाजू व्हा, गाडी येऊन राह्यली!" म्हणत त्यावरून कोंबड्या हाकलल्या. दुपारी मामाच्या धुतलेल्या शर्टावर दौत सांडली. कचेरीत चपराशी ज्यांना टरकायचे, ते आमचे हे लाल होऊन आले, पाय बघितला आणि वाकले.

"तुमची साहेबी कुठं गेली?" मी विचारलं.

"देवापुढं कोणाची चालते?"

असे अकरा दिवस. ती पुढं, मी मागं, माझा पदर दाराच्या कडीत. ती जेवायचीही उभ्यानं. एक घास इथं, दुसरा पेरूच्या झाडाखाली. बालवाडी मी कधीच विसरले होते. नागपूरहून पत्र नव्हतं. सासूबाई दिवसातून चारदा दारात जाऊन यायच्या, आणि पोरीसमोर लग्नातल्या लाडवांच्या गोष्टी सांगायच्या.

बाराव्या दिवशी मी चुलीवर भात ठेवून बाहेर आले, तर छबी विहिरीच्या कठड्यावरून धावत होती. एक चक्कर, दुसरी चक्कर. धावत जाऊन तिला खाली ओढलं, आणि पाठीत असा धपाटा घातला की कावळे उडाले.

मग मला माझा हात दिसला. नव्या सुनेनं भाचीला मारलं! सासूबाईंना कळलं तर? (आज तो हात कापतो. डॉक्टर म्हणतो, वय झालं. त्याला काय ठाऊक!) घाबरून मी तिथंच मातीत बसले आणि तिचं तोंड दाबायला तिला मांडीवर ओढलं.

ती रडलीच नाही.

"काय झालं वं?" आतून सासूबाई.

"काही नाही, आजी! मामी पाया पडून राह्यली," छबी ओरडली. मग माझ्या पोटात डोकं खुपसून हळूच म्हणाली, "माय बी असंच करते. अगुदर मारते, मंग मांडीवर घेते. तुम्ही तं कोणी घेतच नाही."

खरं होतं. देवाला मांडीवर कोण घेतं?

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मामी, माय मेली का?"

"कोण म्हणालं?"

"लग्न असतं तं मले नेलं असतं तिनं."

महिन्याभरानं नणंदबाई बऱ्या होऊन आल्या, म्हणून मी हे आज हसत सांगते. पण त्या दुपारी आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. समजुतीचं बोलणं मी बाजूला ठेवलं.

"माय दवाखान्यात हाय," मी म्हटलं. "पत्र आलं नाही. मले बी भेव वाटते, बाई."

"हौ," ती म्हणाली, आणि बारा दिवसांत पहिल्यांदा हालायची थांबली. झोपली. आत भात करपत असल्याचा वास येत होता. सासूबाई हाका मारत होत्या. मी उठले नाही.