देठ लावलेले कंद

एका जंगलात, बाळांनो, कुणाचा कुणाला धरबंध नव्हता आणि तरी सगळं बरं चाललं होतं. गप्प बसा, सांगतो.

तिथं एक बेहड्याचं झाड आडवं पडलं होतं. त्याच्या खोडात ओळीनं ढोल्या होत्या. थंडीत ज्याला जे मिळेल ते त्यानं एका ढोलीत टाकायचं. उन्हाळ्यात खायला काही उरलं नाही की तिथंच हात घालायचा आणि न बघता तोंडात टाकायचं. ज्यानं भर घातली त्यालाच काढायचा हक्क. एवढाच काय तो कायदा.

एकदा पाणमांजरानं मोठ्या प्रेमानं जिवंत खेकडा टाकला. भिवबा अस्वलानं वास घ्यायला नाक आत घातलं. पुढचं सांगायला नको.

भिवबाच्या बोंबा ऐकून सिंहमहाराजांनी सभा भरवली. ठरलं की यापुढे ढोल्यांत फक्त फळं जातील, आणि प्रत्येक वस्तू तपासूनच जाईल. तपासनीस म्हणून बगळ्याला नेमलं. तो तासन्‌तास एका पायावर उभा राहतो, म्हणजे नक्कीच विचार करत असणार, असं सगळ्यांना वाटलं.

सगुणा साळिंदरीण रानकंद घेऊन आली. बिचारी नख्या झिजेपर्यंत उकरत होती. घरी दोन पिल्लं होती आणि उन्हाळा काही कुणासाठी थांबत नाही.

"गोल आहे," बगळा म्हणाला. "देठ कुठाय?"

"भाऊजी, कंदाला कुठला देठ?"

"झाडाला लटकत होतं?"

"जमिनीत होतं. पण पोट भरतं हो!"

"सगुणाबाई, पोट भरणं हा प्रकार आमच्याकडे नाही. पुढचा!"

पुढचा होता वानर. तो गांधील माश्यांचं पोळं घेऊन आला होता, फांदीसकट. पहाटेच्या गारठ्यानं माश्या आत मुटकुळं करून निजल्या होत्या.

"गोल. देठ आहे. लटकत होतं?"

"होय साहेब, आंब्याला."

"उत्तम फळ!" बगळ्यानं मान डोलावली. पोळं ढोलीत गेलं.

सगुणा घरी आली आणि रडली. पिल्लांनी विचारलं, "आई, आपले कंद वाईट आहेत का गं?" तेव्हा मात्र तिला राग आला. ती उठली, वेली तोडल्या, प्रत्येक कंदाला एकेक शेपूट बांधलं आणि सगळे जांभळीच्या खालच्या फांदीला टांगले. दुसऱ्या दिवशी बगळ्याला हाक मारली.

बगळा आला. त्यानं देठ ओढून पाहिले. "आता कसं! हे बघा, याला म्हणतात फळ. कालचा तो कचरा कुठं आणि हे कुठं!"

सगुणानं कंद उतरवून ढोलीत टाकले. तिचे काटे मात्र उभे राहिले होते.

उन्हाळा आला. ढोल्या उघडल्या. पास झालेली खरी फळं कधीच सडून गेली होती. भिवबानं भुकेपोटी पुन्हा नाक घातलं, आणि आता माश्या चांगली ऊब घेऊन ताज्यातवान्या झाल्या होत्या.

पुन्हा सभा. "गोल होतं, देठ होता, लटकत होतं," बगळा म्हणाला. महाराजांनी निकाल दिला, "तपासणीत दोष नाही. यापुढे भिवबाचं नाकही तपासलं जाईल."

खायला राहिले फक्त सगुणाचे कंद. पिल्लं जेवली आणि मग सगळं जंगल जेवलं. असं टिकाऊ फळ हुडकून काढल्याबद्दल बगळ्याला मोरपिसांचा तुरा मिळाला. सगुणानं टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा वेली तोडायला गेली.

तात्पर्य: बाळांनो, अंगी गुण असले तर असू द्यात, पण आधी देठ घट्ट बांधा.